भुसा मातीत मिसळला, इथंच गाडी चुकली: सोलापूरच्या उन्हातलं फुकटचं आच्छादन

जुळे सोलापूरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरापुढं 10 बाय 20 फुटाची जागा, काळी माती, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. झाडं म्हणाल तर जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, दोन गुलाब आणि एका बाजूला थोडी वांगी-टोमॅटो. मल्चिंग (मातीवर आच्छादन) करा असं सगळे सांगतात म्हणून त्यांनी सुताराकडून दोन पोती भुसा आणला, खुरप्यानं मातीत छान मिसळला, आणि वरून रोजची कांद्याची सालं, चहाचा चोथा, भाजीची देठं टाकत गेल्या. महिनाभरात मुंग्या झाल्या, चिलटं झाली, शेजारच्या काकू वास येतो म्हणून बोलल्या आणि जास्वंद पिवळी पडली. आता त्या विचारतायत की घरातल्या-अंगणातल्या फुकटच्या वस्तूंवर हे खरंच जमतं का, का सरळ प्लास्टिकचा मल्चिंग पेपर आणून अंथरू.

जमतं ताई. मी 22 वर्षं इथं लोकांच्या बागा सांभाळतोय, त्यातल्या निम्म्या तरी अशा की मालक झाडावर खर्च करेल पण कचऱ्यावर रुपया सोडणार नाही, आणि त्यांच्याही बागा मे महिन्यात उभ्या असतात. तुमची गडबड एवढीच झालीये की खत करायचा माल आणि पांघरायचा माल असे दोन वेगळे माल एकाच जागी गेले, आणि जो वर अंथरायचा होता तो आत गेला.

आच्छादन म्हणजे मातीला पांघरूण, एवढंच डोक्यात ठेवा. पुण्या-मुंबईकडचे व्हिडिओ बघितले तर ते तण येऊ नये म्हणून मल्चिंग सांगतात, आपल्याकडं तणाची कथा नंतर, आधी पाणी. जिल्ह्याचा वर्षाचा पाऊस 550 मिलिमीटरच्या आसपास, एप्रिल-मे मध्ये पारा 40 च्या वर, आणि काळी माती अशी की ओली असताना फुगते नि वाळली की आक्रसते. मग भेगा पडतात, भेगेत हात जाईल एवढ्या, आणि त्या भेगांतनं खालची ओलसुद्धा उडून जाते, वर बारीक मुळ्या तुटतात ते वेगळंच. म्हणजे तुम्ही नळ आल्यावर दोन बादल्या घालता त्यातलं किती झाडाला आणि किती सूर्याला हा हिशोब आहे. मातीवर सावली पडली, वारा थेट लागला नाही, की सूर्याचा वाटा कमी होतो. बाकी गांडुळं, खत, भुसभुशीतपणा हे सगळं मागनं येतं.

आणि गंमत म्हणजे सगळ्यात फुकट पांघरूण मातीचंच असतं. ज्वारीवाले शेतकरी रब्बीत कोळपणी (ओळींमधली माती वरवर मोकळी करणं) करतात ती फक्त तणासाठी नसते, वरचा दोन बोटं थर मोकळा झाला की भेगा बुजतात आणि खालची ओल वर येऊन उडायची वाट बंद होते. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं म्हातारी माणसं म्हणतात ते उगाच नाही. सोलापुरात कोरडवाहू शेतीवर 1933 पासून संशोधन चाललंय, त्यातही ओल धरून ठेवण्यावर मोठा भर. म्हणून ज्या दिवशी तुमच्याकडं टाकायला काहीच नसेल त्या दिवशी निदान खुरप्यानं भेगा तरी बुजवा, पाणी दिल्यावर वाफसा आला की, म्हणजे माती ओलसर पण हाताला चिकटत नाही अशी झाली की. चिखलात खुरपं घालू नका, ढेकळं होतील.

आता जास्वंद पिवळी का पडली. हे नुसतं ऐकून छातीठोक सांगता येत नाही, दोन शक्यता आहेत. लाकडाच्या भुशात कार्बन प्रचंड आणि नत्र (नायट्रोजन) जवळपास नाही. तो मातीत मिसळला की त्याला कुजवणारे जंतू कामाला लागतात, त्यांना नत्र लागतं, ते भुशात नाही म्हणून मातीतलं उचलतात, आणि तुमचं झाड उपाशी राहतं. हाच भुसा वर अंथरला असता तर ही ओढाताण फक्त वरच्या बोटभर थरात झाली असती, मुळं खाली असतात त्यांना फार कळलंही नसतं. तर नत्र कमी असेल तर खालची जुनी पानं आधी, सगळीच्या सगळी फिकट पिवळी होतात. दुसरी शक्यता लोहाची. आपल्या जमिनीत चुनखडी असते, जमीन अल्कधर्मी, त्यामुळं लोह मातीत असूनही मुळाला उचलता येत नाही, आणि मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात पण शिरा मात्र हिरव्या राहतात, जाळीसारखं दिसतं. जास्वंदीला हा त्रास सोलापुरात घरोघरी आहे, भुशाचा त्यात काही संबंध नाही.

खालची पानं पिवळी असतील तर घाबरू नका, भुसा जेवढा हातानं निघतो तेवढा काढून वर पसरा, आणि शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) द्या नाहीतर घाण्यावरची शेंगपेंड मूठभर रात्री भिजवून सकाळी भरपूर पाण्यात पातळ करून द्या. शेण मिळत नसेल तर युरिया बादलीभर पाण्यात चहाचा एक चमचा, त्याच्या वर नाही. पंधरा-वीस दिवसात नवी पानं नीट यायला लागतात. आणि एक, तो भुसा कशाचा होता ते सुताराला विचारा. साध्या लाकडाचा, रंधा मारलेल्या साली असतील तर उत्तम. प्लायवूड नाहीतर एमडीएफ कापल्याचं पीठ असेल तर त्यात गोंद-केमिकल असतं, ते वांगी-टोमॅटोच्या वाफ्यात मी तरी घालणार नाही.

आता मालाकडं येऊ. माझ्या हिशोबात वाळलेल्या पानांच्या पुढं काही नाही, आणि गंमत अशी की पानं गळतात फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि आपल्याला गरज लागते एप्रिल-मे मध्ये. लोक मे मध्ये मल्चिंग करायला उठतात तेव्हा झाडून-जाळून सगळं संपलेलं असतं, मग म्हणतात सोलापुरात काय मिळत नाही ओ. आत्ता मार्च चालू आहे, कडुलिंब नि पिंपळ झडतायत, रोज सकाळी लोक आपल्या दारातला ढीग झाडून पेटवतात, तेवढा फक्त पेटवायच्या आधी मागायचा. मी पहिल्या वर्षी सायकलला पोतं बांधून विजापूर रोडच्या कॉलन्यांतनं फिरायचो तर एक दोस्त भेटला, म्हणाला काय बे, म्युन्सिपाल्टीत लागलास काय? तोच आता दरवर्षी फोन करतो, दोन पोती ठेव म्हणून.

किती लागतील ते सांगतो. तुमची जागा 200 चौरस फूट, त्यावर 3 इंच म्हणजे पाव फुटाचा थर, 50 घनफूट झालं. धान्याचं मोठं पोतं चांगलं दाबून भरलं तर साधारण 4 घनफूट माल बसतो आणि ओतल्यावर फुगतोही, म्हणजे दहा-बारा पोती. ऐकायला जास्त वाटतं पण सगळी जागा झाकायची गरजच नाही, झाडाच्या घेराखाली आणि भाजीच्या वाफ्यात घातलं तरी पाच-सहा पोत्यांत भागतं. हो, पण हा थर महिन्या-दीड महिन्यात दबून निम्मा होतो, म्हणून दोन-तीन पोती गच्चीवर नाहीतर जिन्याखाली राखून ठेवा. कोरडी ठेवा, ओली भरली तर आतच काळी पडतात.

पानापानात फरक असतो. कडुलिंबाचं पान बारीक, पटकन बसतं, वाऱ्यानं कमी उडतं, मला ते सगळ्यात आवडतं. आंबा, अशोक, फणस यांची पानं चिवट आणि मोठी, एकावर एक बसली की पत्र्यासारखं होतं, वरनं घातलेलं पाणी बाजूला वाहून जातं. ती पायानं तुडवून चुरा करा नाहीतर कडुलिंबात मिसळून टाका. निलगिरी मी भाजीत घालत नाही. गुलमोहराची पानं इतकी बारीक की एकटी घातली तर थर चिकटतो, पण मिसळीत बेस्ट.

एप्रिलच्या दुपारी दोन वाजता एकदा करून बघा. उघड्या मातीवर तळहात ठेवा, पाच सेकंद ठेवता येत नाही. मग शेजारच्या पानांच्या थरात बोटं घाला. वरची पानं कुरकुरीत, पापडासारखी, त्याखालची मऊ, तपकिरी, एकमेकांना चिकटलेली, त्यांच्यामधनं पांढरे दोऱ्यासारखे तंतू गेलेले दिसतील (बुरशी आहे, पण कामाची, घाबरून औषध मारू नका), आणि सगळ्यात खाली माती काळीभोर, गार, बोटाला चिकटते. माझ्याकडं एकाच मापाच्या दोन कुंड्यांत मोगरा होता, एक उघडी एक झाकलेली, पाणी एकाच वेळी. उघडीवाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मान टाकायचा, झाकलेला तिसरा दिवस आरामात काढायचा. चार दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात हा एक दिवस म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

पानांच्या खालोखाल सोलापुरात उन्हाळ्यात फुकट मिळणारी दुसरी वस्तू म्हणजे रसवंतीची चिपाडं. चौकाचौकात घुंगरं वाजत असतात आणि मागं चिपाडांचा डोंगर, विचारलं तर तो खूश होऊन देतो. फक्त ताजी आणून थेट झाडाखाली टाकू नका, त्यात साखर राहिलेली असते, आंबूस वास येतो आणि तुमच्या मुंग्यांची दिवाळी. गच्चीवर आठ-दहा दिवस कडक उन्हात पसरा, दोन दिवसांनी उलथा, हाताला चिकटेनाशी झाली की कोयत्यानं वीतभर तुकडे करून अंथरा. चिपाड वाऱ्यानं उडत नाही, लवकर कुजत नाही, पानांच्या थरावर वजन म्हणून भारी. गावाकडं ऊस असेल तर पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, आणा, त्याच्यासारखं काही नाही, शेतकरी आता ते जाळण्याऐवजी सरीतच ठेवायला लागलेत ते ह्याच कारणानं. कडबा मात्र आणू नका, जनावराच्या तोंडचा घास आहे आणि फुकट तर मुळीच नाही.

शेंगांची टरफलं. आपल्याकडं चटणीपायी घरात पोत्यानं शेंगा फुटतात त्यामुळं हा प्रश्न येणारच. चांगली असतात, पण शेतातनं आलेल्या कच्च्या शेंगांच्या टरफलाबरोबर खोडकुजीची बुरशी येऊ शकते, जी भुईमुगाला लागते तीच टोमॅटो-वांग्यालाही लागते. झाडाच्या बुडाशी पांढरा कापूस आणि त्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर तीच. म्हणून टरफलं जास्वंद, कढीपत्ता, मोगऱ्याखाली टाका, भाजीत नको. भट्टीवर भाजलेल्या शेंगांची असतील तर चिंता नाही.

नारळाच्या शेंड्या कुंडीसाठी छान, पण आधी दोन-तीनदा पाण्यात भिजवून ते लाल पाणी फेकून द्या, त्यात क्षार असतात आणि आपल्या जमिनीत क्षार आधीच रग्गड आहेत. शहाळ्याची टरफलं घेतली तर पालथी ठेवा, उताणी ठेवली तर पहिल्याच पावसात प्रत्येकात डासांचं पाळणाघर तयार होतं.

रद्दी पेपर चालतो, साधा काळ्या शाईचा, गुळगुळीत रंगीत पुरवण्या नकोत. पाच-सहा पदर पाण्यात बुडवून ओलाच अंथरायचा आणि वरनं पानं टाकायची. नुसता पेपर ठेवला तर आपल्या उन्हात वाळून कुरळा होतो, वाऱ्यानं शेजारच्या अंगणात जातो आणि पुन्हा काकू बोलतात. पुठ्ठ्याचंही तेच, चिकटपट्टी आणि पिना काढून. तसं रद्दीला भाव मिळतो म्हणून मी स्वतः हे कमी करतो.

कपडा विचाराल तर गोणपाट सगळ्यात चांगलं, ज्यूटचं, प्लास्टिकचं नाही. यंत्रमागाचं गाव असल्यानं सुती चिंध्या इथं भरपूर, पण पॉलिस्टरची भेसळ असेल तर ती कुजत नाही, वर्षभरानं मातीतनं दोरे ओढत बसावं लागतं. आमची एक जुनी विटलेली सोलापुरी चादर लिंबाखाली अंथरलेली दीड वर्ष टिकली. आईनं बघितलं तेव्हा जे बोलली ते इथं लिहीत नाही.

गवताबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगतो कारण इथं मी स्वतः तोंडावर पडलोय. लॉन कापल्यावर निघणारं हिरवं गवत नत्रानं भरलेलं असतं, झाडाला आवडतं, पण ओलं जाड टाकलं की आत तापतं, चिकट होतं, वास मारतं. एक दिवस वाळवून बोटभर जाडीचाच थर द्यायचा. हे मला माहीत होतं. जे विचारायचं सुचलं नाही ते असं की एका मंगल कार्यालयातनं तीन पोती गवत आणलं, एका गिऱ्हाइकाच्या गच्चीवर टोमॅटोला घातलं, आणि दहा दिवसात शेंडे मुठीसारखे वळले, नवी पानं दोरीसारखी बारीक. व्हायरस म्हणून मी औषध मारत बसलो. मग कार्यालयाच्या माळ्यानं सहज सांगितलं की रुंद पानाच्या तणासाठी गवत कापायच्या आधी आठवडाभरच टू-फोर-डी हे तणनाशक फवारलं होतं. चाळीस रोपं गेली, मी माझ्या खिशातनं बदलून दिली. तेव्हापासून कुणाचंही गवत घेताना पहिला प्रश्न, तणनाशक मारलंय का, आणि माणूस जरा जरी अडखळला तर पोतं खाली ठेवून यायचं. गाजर गवत फुलाआधी उपटलेलं, वाळवलेलं चालतं, हातमोजे घालून. फुलल्यावर नको, नाहीतर तुम्ही बीच पेरताय.

चुलीची नाहीतर बंबाची राख टाका असं कुणीतरी सांगेलच. आपली जमीन आधीच अल्कधर्मी, राखेनं ती आणखी तिकडंच सरकते, लोहाचा त्रास वाढतो. राख भांडी घासायला ठेवा. कांद्या-लसणाची कोरडी सालं पानांखाली ढकलली तर चालतात, पण ओला किचनचा माल कोपऱ्यात एक भोकाची बादली नाहीतर खड्डा करून त्यात, आणि प्रत्येक वेळी वर मूठभर वाळली पानं. चहाचा चोथा दूध-साखर धुऊन काढल्याशिवाय झाडाखाली नाही, मुंग्या त्याच्यावरच आल्यात. बादलीतल्या-खड्ड्यातल्या मालाचं सहा महिन्यांनी खत झालं की आच्छादन बाजूला सारून झाडाला द्या आणि परत झाका.

अंथरायची पद्धत साधी आहे पण क्रम चुकवू नका. आधी माती खोलवर भिजवा, मग झाका. कोरड्या मातीवर जाड थर घातला तर तुम्ही कोरडेपणा झाकून ठेवता, आणि वळवाच्या बारक्या सरी तर पानंच पिऊन टाकतात, खाली थेंब जात नाही. जमिनीत 3 इंच, कुंडीत दीड-दोन पुरे. खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडा, गुलाब आणि कलमाच्या झाडाला तर नक्कीच, खोडाला चिकटून ओलं राहिलं की साल कुजते. ठिबकची नळी असेल तर ती थराखाली. पाणी देताना पाइपानं वरून फवारे मारू नका, थर बाजूला सारून बुडाशी द्या.

वाळवीचं विचारतील म्हणून सांगतो, येते. कोरड्या पालापाचोळ्यावर आपल्याकडं वाळवी येणारच, ती मेलेलं खाते, पण झाड तहानलेलं असेल तर त्यालाही लागते. थर अधूनमधून ओला ठेवा, खोड मोकळं ठेवा, जाड लाकडाचे तुकडे नको. विंचूही निघतात, म्हणून थर उचकताना खुरप्यानं उचका, हातानं नाही, हे लहान मुलं असलेल्या घरात जास्त महत्त्वाचं. आणि सप्टेंबरात जेव्हा पाऊस लागून राहतो तेव्हा काळ्या मातीवरचा थर निम्मा करा, पाणी साचून मुळं गुदमरतात. दिवाळीनंतर परत भरा.

प्लास्टिकचा पेपर टरबूज-टोमॅटोवाले शेतकरी गादीवाफ्यावर ठिबकसोबत वापरतात, एका पिकापुरता, त्यांना परवडतं. तुमच्या कायमच्या झाडांखाली तो दोन उन्हाळ्यात चिंध्या होऊन मातीत मिसळेल, तो खर्च करू नका.

तर ताई, या रविवारी एवढंच: किचनचा माल काढून कोपऱ्यात, भुसा वर, नळ येईल त्या दिवशी खोल पाणी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाडणाऱ्यांच्या आधी उठून दोन पोती कडुलिंब. जास्वंदीच्या शेंड्याच्या पानाचा एक फोटो टाका, उन्हात धरून, शिरा दिसतील असा. शिरा हिरव्या असतील तर हिराकसचं (फेरस सल्फेट, लोहासाठी) प्रमाण सांगतो.